गाण्याचा अर्थ कोणाचा?

एखादे गाणे आपल्याला आवडते असे मनुष्य म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यात सहसा काही गूढ नसते. चाल गोड आहे, शब्द मनोहर आहेत, गाणाराचा गळा कसलेला आहे, यांपैकी एखादे कारण तो सांगतो आणि ऐकणाराचे समाधान होते. परंतु काही गाणी अशी असतात की, ती आपल्याला आवडतात असे म्हणताना मनुष्य किंचित ओशाळतो. ज्यात आशेचा शब्द नाही, ज्यातला ‘मी’ जगण्यालाच विटलेला आहे, जे ऐकून मन प्रसन्न होण्याऐवजी जड होते, असे गाणे एखादा तरुण पुन्हा पुन्हा का ऐकतो? आणि याहूनही विलक्षण हे की, ते आपल्याला काय सांगते हे दुसऱ्या कोणापाशी तरी बोलल्यावाचून त्याला चैन का पडत नाही? या प्रश्नाकडे आम्ही पुष्कळ वर्षे तुच्छतेने पाहत आलो. शिर्डीस एका रात्री जे कानांवर पडले त्यामुळे ती तुच्छता गळून गेली. म्हणून तो प्रसंग प्रथम सांगून मग विचाराकडे वळणे आम्हांस योग्य वाटते.

रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हे शिर्डीचे तीन मोठे उत्सव. पैकी रामनवमीस मुंबईकडून पालख्या घेऊन, कसाऱ्याचा घाट चढून, घोटी-सिन्नरच्या रस्त्याने पायी येणाऱ्या मंडळींची एवढी दाटी होते की, गावात पाय ठेवावयास जागा उरत नाही. अशाच एका रामनवमीच्या आदल्या रात्री आम्ही तेथे होतो. खोलीतील उकाड्याने झोप येईना, म्हणून ओसरीवर सतरंजी टाकून पडलो. आमच्यापासून चार हातांवर पदयात्रेतील चार तरुण बसले होते. पायांचे फोड फुटलेले, खांद्यावर भगवे उपरणे, आणि मधोमध जमिनीवर ठेवलेल्या मोबाइलमधून अगदी हळू आवाजात चाललेले एक इंग्रजी गाणे. साईबाबांच्या गावी, पालखीबरोबर आलेल्या मुलांनी असले गाणे ऐकावे, याचा आम्हांस प्रथम रागच आला. पण गाणे संपल्यावर त्यांचे जे बोलणे सुरू झाले, ते ऐकून आम्ही उठून बसलो नाही एवढेच. झोप मात्र पार उडाली.

पहिला म्हणाला, “माझे वडील २०२१ साली कोविडमध्ये गेले. शेवटचे दर्शनसुद्धा झाले नाही. घरी सगळे म्हणायचे, धीर धर. हे गाणे एकटे असे होते की जे धीर धर म्हणाले नाही.” दुसऱ्याने स्पर्धा-परीक्षेत तीनदा अपयश घेतले होते. तो म्हणाला, “मला वाटायचे, इतके रिकामे फक्त मलाच वाटते. सातासमुद्रांपलीकडच्या कोणालाही तसे वाटले होते हे कळले, आणि लाज गेली.” तिसरा स्वतः गिटार वाजविणारा होता. त्याचे म्हणणे निराळे. “अरे, तुम्ही शब्दच धरून बसता. शब्द संपतात तिथे गाणे संपत नाही. शेवटी किती वेळ नुसती गिटार चालते पाहा. शब्दांनी हार मानली तरी वाद्याने मानलेली नाही. माझ्या दृष्टीने हे हरलेल्याचे गाणेच नव्हे.” चौथा बराच वेळ गप्प होता. मग तो एवढेच म्हणाला, “माझा एक मित्र हे ऐकायचा. तो आता नाही. मला हे ऐकवत नाही. पण तुम्ही लावले तर उठून जावे असेही वाटत नाही.” यावर कोणी काही बोलले नाही. कोणी त्याची समजूत घातली नाही, वाद केला नाही, की आपला अर्थ त्याच्या अर्थापेक्षा खरा आहे असे म्हटले नाही. शेजारच्याने आपली चादर त्याच्या पायांवर ओढली, इतकेच.

ते गाणे ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे ‘फेड टू ब्लॅक’, म्हणजे काळोखात विरून जाणे, हे होते, असे आम्हांस सकाळी विचारल्यावर कळले. १९८४ सालचे ते गाणे आहे. आरंभी संथ गिटार, मध्ये निराशेचे शब्द, पुढे वाढत जाणारा गजर आणि अखेर लांबलेले वादन, अशी त्याची घडण. तेव्हा तिसऱ्या मुलाचे निरीक्षण अगदी अचूक होते. आता त्याची जन्मकथा पाहावी. त्या वर्षाच्या आरंभी बॉस्टन येथे या मंडळींची वाद्यसामग्री चोरीस गेली. तीत गायक जेम्स हेटफील्ड यांचा विशेष आवडता ध्वनिवर्धक होता. त्या दिवसांच्या खिन्नतेचा या गाण्याशी संबंध होता, असे त्यांनीच पुढे सांगितलेले आहे. एक यंत्र हरवल्याच्या दुःखाशी ज्याचा उगम जोडलेला, त्या गाण्यात शिर्डीच्या ओसरीवरील मुलास आपला बाप दिसतो! आणि यात तो एकटा नाही. या गाण्याने आम्हांस जगविले, अशा अर्थाची पत्रे त्या वाद्यवृंदास असंख्य श्रोत्यांनी लिहिली. आणि याच गाण्याने तरुणांच्या मनात मरणाचे विचार येतात, असा आरोपही त्याच्यावर झाला.

मग खरा अर्थ कोणाचा? गाण्याच्या कर्त्याचा, शब्दांचा, की ऐकणाराचा?

आमच्यासारख्या अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्यास याचे ठरीव उत्तर ठाऊक असते: शब्द पाहा, संदर्भ पाहा, कवीचे चरित्र पाहा; बाकीची सर्व कल्पनेची भरारी. परंतु आपल्याच साहित्यशास्त्राने हे उत्तर शतकांपूर्वी अपुरे ठरविले आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त एक साधे उदाहरण दिले आहे. सूर्य मावळला, एवढेच कोणी म्हटले, तर सेनापतीस ती शत्रूवर चाल करण्याची सूचना वाटते, गुराख्यास गुरे घरी वळविण्याची, प्रियकराकडे निघालेल्या स्त्रीस आता निघावे अशी, आणि दिवसभर राबलेल्यास आता काम थांबवावे अशी. वाच्यार्थ एक, ध्वनी अनेक. आणि ते सर्व खरे, कारण ध्वनी हा वाक्याच्या, बोलणाराच्या आणि ऐकणाराच्या स्थितीतून मिळून जन्म घेतो. ज्याला आम्ही पश्चिमेचे नवे खूळ समजत होतो, ते आमच्याच कपाटातील ग्रंथात धूळ खात पडले होते.

आपल्याकडील अलीकडचे उदाहरण हवे असल्यास नागपूरचे कवी ग्रेस यांच्या गीतांचे घ्यावे. १९८९ सालच्या ‘निवडुंग’ या चित्रपटात हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत देऊन स्वतः गायिलेले, कोणा ‘ती’च्या निघून जाण्याचे गीत महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. ती गेलेली कोण? आई, की प्रेयसी? यावर सुशिक्षित मंडळींच्या बैठकी रंगल्या आणि अजूनही रंगतात. आम्ही पाहिले आहे की, या वादात ज्याची आई लहानपणी गेली तो आईचा पक्ष घेतो, आणि घेताना त्याचा स्वर वादकाचा राहत नाही. दूरदर्शनवरील ‘महाश्वेता’ या मालिकेचे शीर्षकगीतही ग्रेस यांचेच. लता मंगेशकर यांनी गायिलेले, भयाने भरलेले आणि शब्दशः उलगडून सांगण्यास अतिशय कठीण. ज्यांना त्यातील एका ओळीचाही अन्वय लावता येणार नाही, अशा स्त्रियांनी ते संध्याकाळी देवापाशी बसून गुणगुणलेले आम्ही ऐकले आहे. त्यांना ते समजले नाही असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

आणि आपण वडील मंडळी तरी काय करतो? समर्थांची करुणाष्टके पिढ्यान्‌पिढ्या तिन्हीसांजेला घराघरांत म्हटली गेली. त्यांत पश्चात्ताप आहे, जळणारे मन आहे, एकाकीपणाची हाक आहे. सतराव्या शतकातील भयंकर दुष्काळात ज्यांच्या घरची माणसे अन्नावाचून गेली, त्या तुकोबांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे आणि जगाचा उबगही आहे. हे सर्व आपण लहान मुलांकडून पाठ करवून घेतो आणि त्यास संस्कार म्हणतो. तोच काळोख परभाषेत आणि विजेच्या गिटारीवर आला की त्यास विकृती म्हणतो. दोहोंत भेद नाही असे आमचे म्हणणे नाही. करुणाष्टकांतील हाकेस ऐकणारा कोणी आहे अशी श्रद्धा असते, आणि त्या इंग्रजी गाण्यात ती नाही. हा भेद मोठा आहे, आणि पुढे आपणांस त्याकडे परत यावे लागेल.

येथे कोणी विचारील की, ज्याने त्याने आपला अर्थ खरा मानावयाचा, तर अर्थ या शब्दालाच काय अर्थ उरला? उद्या कोणी भूपाळीस अंगाईगीत म्हणेल! आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात आहे. गाणे काय म्हणते, ही एक गोष्ट. ती शब्दांवरून आणि स्वरांवरून ठरते, आणि तेथे चूक-बरोबर निश्चित असते. गाण्याने माझे काय केले, ही दुसरी. तेथे मीच साक्षीदार. आणि गाणे आले तेव्हा मी कोण होतो, कोठे उभा होतो, ही तिसरी. ‘मला या गाण्याचा असा अर्थ वाटतो’ असे तरुण म्हणतो, तेव्हा व्याकरणाने तो पहिल्या गोष्टीविषयी बोलतो. वस्तुतः तो तिसरी सांगत असतो. आपल्याला बाप नाही, आपण हरलो आहोत, आपला मित्र गेला आहे, हे उघड सांगण्याचे धैर्य नसते, किंवा त्यासाठी निमित्त सापडत नाही. गाणे ते निमित्त पुरविते. जी गोष्ट ‘माझे असे झाले’ म्हणून सांगता येत नाही, ती ‘या गाण्यात असे आहे’ म्हणून सांगता येते. अशा वेळी जो पहिल्या गोष्टीचे व्याकरण काढून बसतो, तो विद्वान असेल; पण साक्षीदाराच्या जबानीतील शुद्धलेखन तपासणाऱ्या वकिलासारखे त्याचे वागणे होते.

असला वकील आम्ही एकदा झालो आहो. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी घरी आला. अबोल, मागच्या बाकावर बसणारा. “सर, एक गाणे ऐकाल का? पाचच मिनिटे,” असे म्हणून त्याने कानांत घालावयाची ती बोंडे आमच्यापुढे धरली. आम्ही अर्धा मिनिट ऐकले, हसलो आणि म्हणालो, “अरे, हा कोलाहल कशाला ऐकतोस? हे घे.” असे म्हणून कपाटातून एक उत्तम, आशावादी काव्यसंग्रह काढून त्याच्या हाती दिला. त्याने तो नम्रपणे घेतला. आठवड्याने पुस्तक शिपायाच्या हातून परत आले. मुलगा पुन्हा आमच्याकडे आला नाही. पुढच्या वर्षी तो महाविद्यालयातही नव्हता. कदाचित तो सुखात असेल. तसे असावे अशी आमची प्रार्थना आहे. पण तो त्या दिवशी गाणे ऐकवावयास आला नव्हता, हे आम्हांस कळावयास शिर्डीची ओसरी लागली.

शिर्डीच्याच परंपरेत या चुकीचा आरसा ठरावा अशी एक कथा आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरिता’च्या विसाव्या अध्यायात ती आली आहे. दासगणू महाराज ईशावास्य उपनिषदावर प्राकृतात टीका लिहीत होते. शब्दार्थ लागला, पण मनातील शंका फिटेनात. पंडितांनाही त्या सुटेनात. तेव्हा ते शिर्डीस आले. बाबा म्हणाले की, पार्ल्यास काकांची मोलकरीण तुमची शंका फेडील. काका म्हणजे हरि सीताराम दीक्षित हे सॉलिसिटर. उपनिषदाचा अर्थ एका मोलकरणीने सांगावा! दासगणू पार्ल्यास गेले. सकाळी त्यांच्या कानांवर एका लहान मुलीचे गाणे पडले. नारिंगी रंगाच्या साडीचे, तिच्या काठापदराच्या शोभेचे ते वर्णन होते. बाहेर पाहतात तो अंगावर फाटके वस्त्र असलेली आठएक वर्षांची पोर भांडी घाशीत आहे आणि आनंदाने गात आहे. त्यांना तिची दया आली. त्यांच्या सांगण्यावरून मोरेश्वर प्रधान यांनी तिला एक नवी साडी दिली. दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून आली, फुगड्या खेळली. तिसऱ्या दिवशी साडी घरी ठेवून पुन्हा त्याच चिंध्यांत आली. आणि आनंद मात्र तसूभरही उणा झाला नव्हता. तेव्हा दासगणूंना उमगले की, सुख साडीत नव्हते. आणि उपनिषदातील जी गाठ त्यांना सुटत नव्हती ती तेथे सुटली.

या कथेचे अध्यात्म थोर आहे. आम्ही येथे तिच्या एका लहान अंगाकडेच लक्ष वेधतो. दासगणूंसारख्या अधिकारी पुरुषासही त्या गाण्याचा अर्थ पहिल्याने लागला नाही. अंगावर चिंध्या, तोंडी साडीचे गाणे. तेव्हा पोरीला साडी हवी आहे, असेच कोणासही वाटेल. हा शब्दांवरून काढलेला अर्थ होता, आणि तो चुकीचा ठरला. खरा अर्थ त्यांना गाण्यात सापडला नाही. गाणारीकडे तीन दिवस पाहिले तेव्हा सापडला. त्यांचा मोठेपणा असा की, साडी देऊन ते मोकळे झाले नाहीत. तिसऱ्या दिवशीही त्यांनी पाहिले, आणि आपला पहिला अर्थ टाकून दिला. आम्ही आमच्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी साडी दिली, म्हणजे ते पुस्तक दिले, आणि दार लावून घेतले.

फाटक्या वस्त्रातली पोर उजेडाचे गाणे गाते, आणि धडधाकट कपड्यांतला मुलगा काळोखाचे. गाण्याच्या रंगावरून आतल्या माणसाचा रंग सांगता येत नाही. काळोखाचे गाणे ऐकणारा प्रत्येक जण बुडत असतो असे नाही, आणि आनंदाचे गाणारा प्रत्येक जण तरलेला असतो असेही नाही. ते विचारूनच कळते. आणि विचारून मग थांबावे लागते.

परंतु या उदार भाषणाने एक कठीण प्रश्न टळत नाही. काळोखाचे गाणे काही प्रसंगी घात करीत नाही काय? ही शंका जुनी आहे. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून विलापाचे स्वर हद्दपार केले होते. गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ साली निघाली आणि तिच्या नायकाचे अनुकरण होते म्हणून १७७५ साली लाइप्‌त्सिग शहरात तिच्यावर बंदी आली. हंगेरीचे संगीतकार रेझो शेरेश यांचे ‘ग्लूमी संडे’ हे १९३३ सालचे गीत. त्याचे बिली हॉलिडे यांनी गायिलेले इंग्रजी रूप बीबीसीने महायुद्धाच्या काळात निषिद्ध केले, आणि तो निर्बंध २००२ सालापर्यंत उठला नाही. १९८४ साली कॅलिफोर्नियातील एका एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑझी ऑसबर्न यांची गाणी ऐकत असता आपले जीवन संपविले, तेव्हा आईबापांनी गायकावर दावा लावला. वादाचा रोख होता त्या गाण्याच्या नावातच ‘सोल्यूशन’ या शब्दाचा श्लेष आहे: उत्तर हा एक अर्थ, द्रव हा दुसरा. गायकाने सांगितले की, हे गाणे दारूच्या नाशकारक परिणामाविषयी आहे आणि १९८० साली मद्यपानाने गेलेल्या बॉन स्कॉट या गायकाचा त्यास संदर्भ आहे. शब्द लिहिणारे बॉब डेझ्ली म्हणाले की, लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे स्वतः ऑसबर्नच होते. आईबापांना त्यात मुलाचा घात दिसला. १९८८ साली अपील न्यायालयाने दावा फेटाळला. विचारप्रकटनाचे स्वातंत्र्य आणि असा परिणाम होईल हे कर्त्यास आगाऊ कळण्याजोगे नव्हते, ही त्याची कारणे.

कायद्याचा निर्णय योग्यच होता, असे आम्हांस वाटते. पण त्या आईबापांचा प्रश्न न्यायालयाच्या पायरीवर संपत नाही. मुलाच्या कानांत काय चालले होते हे त्यांना उशिरा कळले, हे खरे दुःख. आणि या दुःखास त्यांची चूक म्हणण्याचे धाष्टर्य कोणी करू नये. मनाचा आजार हा आजार आहे. तो उत्तम आईबापांच्या घरीही येतो, आणि त्याचे मूळ एका गाण्यात शोधणे जितके भाबडे, तितकेच ते एका माणसाच्या वागण्यात शोधणेही.

मग गाणे केव्हा तारते आणि केव्हा बुडविते? या ठिकाणी न. चिं. केळकर यांची एक उपपत्ती आमच्या उपयोगी पडते. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी काव्यानंदास ‘सविकल्प समाधी’ म्हटले. दुःखाचे काव्य वाचूनही आनंद का होतो? तर वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण आपणच आहोत ही जाणीव सोडीत नाही. दोन्ही अवस्था एकदम अनुभवतो. आम्ही यास एवढेच जोडू इच्छितो की, धोका हा विकल्प सुटला म्हणजे येतो. रात्री एकटा, दार लावून, कानांत बोंडे घालून तेच गाणे पन्नासदा ऐकणाऱ्याचा ‘मी’ आणि गाण्यातला ‘मी’ यांमधले अंतर हळूहळू पुसले जाते. ती समाधी निर्विकल्प होऊ लागते. पण योग्याची नव्हे, बुडणाऱ्याची. उलट तेच गाणे चौघांत बसून ऐकले आणि ‘मला यात असे दिसते’ असे एक वाक्य उच्चारले की, बोलणारा गाण्याच्या बाहेर एक पाऊल उभा राहिलाच. ‘मला’ म्हटले की गाणे वेगळे झाले. ‘असे दिसते’ म्हटले की दुसऱ्या कोणास वेगळे दिसू शकते, हे मान्य झाले. तिसऱ्या मुलाने गिटारीकडे बोट दाखविले तेव्हा बाकीच्या तिघांना ठाऊक असलेल्याच गाण्यात त्यांना न दिसलेली एक खिडकी त्याने उघडली. एकट्यास ती दिसली असती असे नाही.

आधुनिक संशोधनही याच दिशेस जाते असे दिसते. १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, आत्मघाताच्या बातम्या ठळकपणे छापल्याने तसे प्रकार वाढतात, या गोष्टीस ‘वेर्थर परिणाम’ हे नाव दिले. पण २०१० साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी त्याची दुसरी बाजू मांडली: निराशेच्या गर्तेतून कोणी कसा बाहेर आला, याच्या हकीकतींचा परिणाम तारक असू शकतो. त्यास त्यांनी ‘पापागेनो परिणाम’ म्हटले. पापागेनो हा मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या संगीत-नाटकातील पाखरे धरणारा. प्रिया दुरावली म्हणून तो जीव द्यावयास निघतो, तेव्हा तीन मुले येऊन त्याला त्याच्याच जवळच्या घंटांची आठवण देतात. ती मुले त्याच्या दुःखास खोटे म्हणत नाहीत. दुसरी वाट आहे, एवढेच दाखवितात. निराशेचा नुसता उल्लेख मारीत नाही. ज्या निराशेस ऐकणारा नाही, ती अधिक भयंकर. करुणाष्टकांत आणि त्या इंग्रजी गाण्यात जो भेद आम्ही वर सांगितला, तो हाच. त्या गाण्यात ऐकणारा नाही. म्हणून तो बाहेरून पुरवावा लागतो. शिर्डीच्या ओसरीवर त्या चौघांनी तो एकमेकांस पुरविला.

यावरून बंदीचा प्रश्न आपोआप सुटतो. गाणे हिसकावून घेतल्याने काळोख जात नाही. तो बोलण्याचे होते तेवढे निमित्त मात्र जाते. याचा अर्थ आईबापांनी डोळे मिटून बसावे असा नाही. मूल खात नाही, झोपत नाही, माणसे टाळते, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविते, अशा वेळी गाण्याची चर्चा बाजूस ठेवून वैद्याकडे जावे. २०२२ सालापासून सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिचा उपयोग करण्यात कसलाही कमीपणा नाही. ऐकून घेणे हे औषधाचे काम करीत नाही. पण औषधापर्यंत पोहोचण्याची वाट बहुधा त्यातूनच जाते.

त्या पहाटे काकड आरतीस आम्ही त्या मुलांच्या मागेच रांगेत होतो. सभामंडपात शेकडो कंठ एका सुरात लागले होते. एका बाजूस मांडीवर आजारी मूल घेतलेली बाई, एका बाजूस धंद्यात बुडालेला दिसणारा गृहस्थ, पुढे ते चौघे. शब्द सर्वांचे एकच. आणि प्रत्येकजण त्यांत आपलेच काही तरी म्हणत होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. त्या गर्दीत एकमेकांस त्याचा खुलासा कोणी मागत नव्हता. हेमाडपंत लिहितात की, बाबा तरुणपणी तकियात पायांत घुंगरू बांधून नाचत आणि गात. ते गाणे ऐकणाऱ्यांनी त्याचा काय अर्थ लावला असेल, कोण जाणे. पण ऐकावयास मंडळी बसत, हे निश्चित.

घरी परतल्यावर आम्ही ते इंग्रजी गाणे लावून शेवटपर्यंत ऐकले. आमच्या कानास ते अजूनही कर्कश वाटते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. शब्द संपल्यावर गिटार चालू राहते, त्या ठिकाणी मात्र आम्ही थांबलो. आणि आपण हे पाच मिनिटांचे ऐकणे काही वर्षे उशिरा ऐकत आहोत, असे मनात आले. वाचकांपैकी कोणाच्या घरी उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी “हे एकदा ऐका ना” म्हणून आली, तर त्यांनी हातातले वर्तमानपत्र बाजूस ठेवून ते पुरते ऐकावे, आणि ‘यात काय आहे?’ असे न विचारता ‘तुला यात काय दिसते?’ असे विचारावे, एवढीच आमची विनंती आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याचे नाव आम्हांस आठवते. पत्ता ठाऊक नाही. कोणा जुन्या विद्यार्थ्याकडून तो मिळतो का, हे पाहावयाचे आम्ही ठरविले आहे.